लंडन चालून चालून आईच्या पायांचे तुकडे पडलेत, उरलेले पाच दिवस कसे करू?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, सध्या लंडनमध्ये आहे, सोबत आई (६६) आणि बाबा (७०). आज चौथा दिवस, अजून पाच दिवस हातात आहेत आणि मला काही सुचेनासं झालंय म्हणून इथे विचारतेय.

पहिल्या दिवशी सगळे उत्साहात होतो. वेस्टमिन्स्टरला उतरलो, बिग बेन बघितलं, तिथून सेंट जेम्स पार्कातून बकिंगहॅम पॅलेस, गार्ड बदलतात ते बघायला गर्दीत दीड तास उभे, मग ट्रॅफलगर स्क्वेअर, नॅशनल गॅलरी, कोव्हेंट गार्डन, आणि एवढं आलोच आहोत तर नदी पण बघू म्हणून पलीकडच्या काठाने थेट टॉवर ब्रिजपर्यंत चालत. इथे जूनमध्ये रात्री सव्वानऊ-साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो हो, आपल्याकडे अंधार पडला की पाय आपोआप घराकडे वळतात, तसं इथे होतच नाही. हॉटेलवर आलो तेव्हा मोबाईल २७ हजार पावलं दाखवत होता. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश म्युझियम, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. तिसऱ्या दिवशी टॉवर ऑफ लंडन आणि सेंट पॉल्स.

आई नाशिकला रोज पहाटे गोदा पार्कला पाच किलोमीटर चालते, म्हणून मी तिची काळजीच केली नाही. उलट बाबांचीच करत होते. ती पूर्ण वेळ हसत होती, फोटो काढून घेत होती. काल रात्री ती बाथरूममधून लवकर बाहेर येईना म्हणून दार लोटलं तर टबच्या काठावर बसून गार पाण्यात पाय सोडलेले, सलवार गुडघ्यापर्यंत वर केलेली. घोट्याच्या वर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ इतका खोल उमटला होता की शिलाई मोजता आली असती. उजव्या करंगळीला टपोरा फोड. मी ओरडलेच, सांगितलं का नाहीस. तर म्हणे, एवढे पैसे घालून आणलंस, मी कुठे कुठे बसत राहिले असते तर तुमचं पण बघायचं राहिलं असतं.

रात्रभर झोप नाही लागली मला. आज सक्तीने सगळे खोलीत आहोत. टॅक्सी रोज परवडणार नाही. ट्यूबला (इथली भुयारी रेल्वे) जिने फार. तिला हॉटेलवर ठेवून आम्ही फिरणं मला पटत नाही आणि ती ऐकणारही नाही. कुणी आईवडिलांना घेऊन हे शहर केलंय का? काय गाळू, काय ठेवू, आणि पायांचं काय करू?

हॅरोवाली_मावशी

अगं आधी एक मोठा श्वास घे. बावीस वर्षं इथे राहतेय, माझ्याकडे भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा तिसऱ्या दिवशी असाच आडवा होतो, तुझं काही चुकलेलं नाही.

आता पहिलं काम, तो ट्यूबचा रंगीत नकाशा बॅगेत ठेवून दे. तो १९३३ पासून मुद्दाम असाच काढतात, खरं अंतर त्यात नसतंच, फक्त कुठली लाइन कुठे बदलायची ते कळावं म्हणून सरळ रेघा. त्यामुळे लांबचं जवळ वाटतं आणि जवळचं लांब. लेस्टर स्क्वेअर ते कोव्हेंट गार्डन लोक तिकीट काढून ट्यूबने जातात आणि वर रस्त्यावर ते अंतर तीनशे मीटरसुद्धा नाहीये. शिवाय कोव्हेंट गार्डनला लिफ्टला गर्दी बघून कुणी जिना धरला की १९३ पायऱ्या, गोल गोल. ग्रीन पार्कला लाइन बदलायची म्हणजे जमिनीखालून केवढं चालायचं, ते तुमच्या मोबाईलने पावलांत धरलंय पण तुम्ही 'आपण तर ट्रेनने गेलो' असंच समजताय. २७ हजारांतली निदान चारपाच हजार स्टेशनच्या पोटातली असणार बघ.

बसने फिर. इथली बस खाली वाकते, आत चढायला पायरी नाही, पुढच्या सीट वयस्कर लोकांसाठी असतात आणि लोक उठून देतात. एकदा चढताना यंत्राला बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की पुढच्या एका तासात कितीही बस बदला, तेवढंच भाडं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं आणि दर वेळी तेच कार्ड टेकवायचं, एवढं लक्षात ठेव. रोख चालत नाही. २४ नंबर पार्लमेंटवरून ट्रॅफलगर स्क्वेअर करत कॅमडेनला जाते. १५ नंबर ट्रॅफलगर स्क्वेअरजवळून निघून फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स करत टॉवरला. ९ नंबर पिकॅडिली, हाइड पार्कचा कोपरा, अल्बर्ट हॉल. या तीन बसमध्ये नुसतं बसून राहिलीस तरी निम्मं लंडन डोळ्यांखालून जातं, आणि आईला खिडकी मिळते. वरच्या मजल्यावर जायचं तर बस स्टॉपवर उभी असतानाच चढा, चालू बसमध्ये जिना नको.

आणि रात्री साडेनऊचा उजेड म्हणतेस ते अगदी खरं. मी पाहुण्यांना सांगते, उजेड कितीही असू दे, सहाला घर.

फिजिओ_सोलापूर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पंधरा वर्षं पायच बघतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आई रोज पाच किमी चालतात तरी असं का झालं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो कारण घरोघरी हाच गैरसमज असतो. सकाळचं चालणं म्हणजे एका लयीत, सैल कपड्यात, बहुतेक मातीच्या ट्रॅकवर, पाऊण-एक तास, मग घरी येऊन चहा. प्रेक्षणीय स्थळं बघताना आपण चालत नसतो, रेंगाळत असतो. दहा पावलं, थांबा, मान वर, फोटो, परत आठ पावलं. पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला पिळला जातो आणि पायात उतरलेलं रक्त वर ढकलतो, म्हणून तर पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. माणूस नुसता उभा राहिला की हा पंप बंद, रक्त आणि पाणी खालीच साठतं. तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त त्रास त्या दीड तास गार्ड बघत उभं राहण्याने झाला असेल, टॉवर ब्रिजपर्यंतच्या चालण्याने त्यामानाने कमी. शिवाय पायाखाली सगळी दगडी फरशी, जी अजिबात दबत नाही, तो मार टाचेला आणि गुडघ्याला.

म्युझियममध्ये तर याची हद्द होते. १९१६ साली बॉस्टनच्या म्युझियममधल्या गिलमन नावाच्या माणसाने यावर लेखच लिहिला होता, एका माणसाला वस्तू बघायला सांगून त्याचे फोटो काढले, तर तो बिचारा कुठे वाकतोय, कुठे उकिडवा बसतोय, कुठे काचेला डोकं लावतोय. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच त्यांनी ओळखलं होतं की दमणूक मांडणीमुळे होते, बघणाऱ्याच्या अशक्तपणामुळे नाही. हे आईंना आवर्जून वाचून दाखवा, त्यांना आपण कमी पडलो असं वाटत असणार.

आता उपाय. फोड फोडू नका, कातडी काढू नका, तिथल्या केमिस्टकडे फोडावर लावायची जेलची पट्टी मिळते ती लावा आणि आपणहून सुटेपर्यंत दोन-तीन दिवस राहू द्या. खोलीत आल्यावर पलंगावर आडवं होऊन पाय भिंतीला टेकवून वर, दहा-पंधरा मिनिटं, आणि त्यात पंजे खाली-वर हलवत राहायचे. गार पाण्याने बरं वाटतं, चालेल. पण बूट बघा. ट्रिपसाठी नवे घेतलेत का? दुपारनंतर पाय सुजून मोठा होतो, सकाळी बरोब्बर बसलेला बूट चार वाजता चिमटतो. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. जुने वापरलेले बूट किंवा सँडल सोबत असतील तर एक दिवसाआड बदला, म्हणजे रोज त्याच जागी घासणार नाही.

आणि एक विचारायचंय, आई पाणी किती पितात? बऱ्याच बायका परगावी बाथरूमच्या भीतीने दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग पेटके येतात, डोकं दुखतं आणि दमणूक दुप्पट होते. त्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेतात का तेही सांगा, काही गोळ्यांनी पायावर सूज येते.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. दोन्ही पाय सारखे सुजलेत आणि सकाळी उतरतात, तर ती दमणूक. पण एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर लांबच्या विमानप्रवासानंतर ती रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा मालिश अजिबात करायचं नाही आणि लगेच १११ ला (तिथली आरोग्य हेल्पलाइन) फोन करायचा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर ९९९, तातडीच्या मदतीचा नंबर.

किल्लेदार

मी जरा वेगळं बोलतो. शहर पायी बघितल्याशिवाय कळत नाही, बसच्या काचेतून सगळी गावं सारखीच दिसतात. राजगड-तोरणा एका दमात केलाय आम्ही, चौथ्या दिवशी पाय सरावतात. एक दिवस आराम द्या आणि परत चालू करा, आईंना पण नंतर अभिमान वाटेल.

भटकभवानी

@किल्लेदार दादा, सरावणं पंचविशीत. माझ्या बाबांना एका टूरवाल्यांनी दोन दिवसांत चौदा ठिकाणं दाखवली होती, शेवटची चार त्यांनी बसमधूनच बघितली कारण पायात बूट जाईना, आणि आल्यावर महिनाभर सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ यायची. त्या ट्रिपचं नाव काढलं की आजही त्यांना ती टाच आठवते. गडावर आपण आपल्या मर्जीने बसतो, दगड दिसला की टेकतो. इथे बसायचं म्हणजे कॉफी विकत घ्यावी लागते असं आपल्या आईवडिलांना वाटतं, म्हणून ते बसतच नाहीत. गोदाकाठ ताई, आईला सांगा, ब्रिटिश म्युझियममध्ये घडीची हलकी स्टुलं फुकट मिळतात, हातात घेऊन फिरायचं आणि जिथे मन रमेल तिथे मांडून बसायचं. मी आईला घेऊन गेले तेव्हा ती आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांसमोर चाळीस मिनिटं स्टूल टाकून बसली आणि तिथली कमळं कशी कोरलीत ते मला अजून सांगते. बाकीचं म्युझियम आम्ही बघितलंच नाही.

विसाव्याचा_वड

माउली, मी लंडन बघितलेलं नाही, बघेन असंही वाटत नाही. पण आळंदी ते पंढरपूर सोळा वेळा चाललोय म्हणून चार शब्द लिहायचा हक्क आहे असं समजतो.

अडीचशे किलोमीटर, अठरा-वीस दिवस, आमच्या दिंडीत सत्तरी ओलांडलेल्या आज्या डोक्यावर तुळस घेऊन चालतात. त्या पोहोचतात आणि पहिल्यांदा आलेला तिशीतला पोरगा सासवडला पाय धरून बसतो, हे मी दर वर्षी बघतो. कारण काय, तर पुण्याहून सासवडचा टप्पा मोठा, वर दिवे घाट, आणि हा पोरगा सकाळच्या थंडाव्यात जोरात सुटलेला असतो. आजी तशा सुटत नाहीत. पालखीचे विसावे ठरलेले असतात, सकाळचा विसावा, दुपारचा भोजनाचा, परत संध्याकाळचा. पाय दुखतोय का नाही हे कुणी विचारत नाही, विसावा आला की बसायचं. दमल्यावर बसलेला माणूस उठताना दुप्पट दुखतो, न दमता बसलेला तसाच उठून चालायला लागतो. पालखीच थांबते म्हटल्यावर माझ्यामुळे सगळे थांबले असं कुणाला वाटायचा प्रश्नच येत नाही.

ताई, तुमच्या आई बोलणार नाहीत. आमच्या आज्याही बोलत नाहीत. म्हणून तुम्ही त्यांना 'दमलीस का' विचारू नका, उत्तर नाहीच येणार आहे. सकाळी निघतानाच विसावे ठरवा, अकराला इथे बसायचं, एकला इथे जेवायचं, साडेतीनला इथे, आणि बसताना सगळ्यांनी बसायचं, बाबांनी पण.

रात्री तेल लावा तळपायाला. वारीत गावोगावची पोरं वारकऱ्यांचे पाय चोळून देतात, ओळख ना पाळख. तुम्ही तर लेक आहात. फक्त वर डॉक्टरसाहेबांनी एका पायाच्या सुजेचं सांगितलंय ते आधी बघून मग.

गोदाकाठ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वारकरी काका, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, आईला मोठ्याने वाचून दाखवलं तर ती म्हणाली बघ, मला कुणीतरी ओळखलं.

फिजिओ दादा, सूज दोन्ही पायांना सारखी होती, सकाळी बरीच उतरली, पोटरी गरम नाही, दाबून बघितलं, दुखत नाही. बीपीची गोळी घेते ती, अम्लोडिपिन. बूट नवे, निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेले. आणि पाण्याचं तुम्ही बरोब्बर धरलंत. विचारलं तर म्हणाली सकाळी एक कप चहा घेते आणि मग संध्याकाळीच पाणी पिते. पहिल्या दिवशी २७ हजार पावलं तिने एका कप चहावर केली हो. मला कळलंच नाही.

फिजिओ_सोलापूर

अम्लोडिपिनने घोट्यावर सूज येऊ शकते, उन्हाळ्यात आणि जास्त उभं राहिल्यावर वाढते. गोळी स्वतःहून बंद करू नका, परत आल्यावर तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. नवे बूट बॅगेत. म्युझियममधली स्वच्छतागृहं फुकट आणि चांगली असतात, विसाव्याची जागा तिथेच ठरवा म्हणजे पाणी प्यायची भीती जाईल.

हॅरोवाली_मावशी

आणि अगं एक राहिलंच, इतक्या लांब आलेत तर त्यांना बाबासाहेबांचं घर दाखव. १० किंग हेन्रीज रोड, १९२१-२२ मध्ये शिकत असताना ते तिथे राहिले होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती वास्तू घेतली आणि आता तिथे स्मारक आहे. चॉक फार्मजवळ, कॅमडेनहून ३१ नंबरची बस जाते. कधी उघडं असतं ते आधी बघून घे. शेजारीच प्रिमरोज हिलची टेकडी आहे, उंची जेमतेम ६३ मीटर, वरून अख्खं लंडन दिसतं. सेंट पॉल्सच्या ५२८ पायऱ्या चढून जे दिसतं त्यातलं बरंचसं इथल्या बाकावर बसून बघ.

गोदाकाठ

तीन दिवसांनी लिहितेय, उशीर झाला.

वारकरी काकांचं ऐकून विसावे कागदावर लिहिले आणि तो कागद बाबांच्या खिशात दिला, घड्याळ बघून 'चला, बसा' म्हणायचं काम त्यांचं. पहिल्या दिवशी आईने कुरकुर केली, आत्ता कुठे दमलोय म्हणून. बाबा ठाम राहिले. २४ नंबरच्या बसने दोन चकरा मारल्या, नुसत्याच. दुसऱ्या दिवशी परत ब्रिटिश म्युझियम, फक्त दोन तास, मागच्या माँटेग्यू प्लेसच्या दाराने आत गेलो तर भारताचं दालन लगेच लागतं, आधीच्या वेळी आम्ही तिथे पाचच्या सुमाराला पोहोचलो होतो आणि आईने तेव्हा काहीच बघितलं नव्हतं हे तिने आत्ता कबूल केलं. स्टूल घेतलं. तिचे जुने सँडल, त्यात मोजे, दिसायला कसेही असोत.

काल बाबासाहेबांच्या घरी गेलो. आई शाळेत शिक्षिका होती, एकेका फोटोखालचं सगळं वाचत होती, कुणी घाई केली नाही. बाहेर पडल्यावर म्हणाली, हा माणूस इथून रोज लायब्ररीत चालतच जात असेल का गं. मग टेकडी हळूहळू चढलो, मध्ये दोनदा थांबून. वरच्या बाकावर तासभर बसलो, तिने डब्यातली थालीपीठं काढली जी तिने नाशिकहून आणलेल्या भाजणीची मावशींकडच्या गॅसवर लावली होती (हो, हॅरोवाल्या मावशींनी आम्हाला घरी बोलावलं, त्याबद्दल वेगळं लिहीन). मोबाईलने दिवसाची नऊ हजार पावलं दाखवली. रात्री तेल लावायला बसले तर घोट्यावर वळ होता, पण उथळ.

उद्या शेवटचा दिवस, वेस्टमिन्स्टरहून बोटीने ग्रीनिचला जायचं ठरतंय. आई विचारतेय, बोटीत बसायला जागा मिळते ना सगळ्यांना?

हॅरोवाली_मावशी

मिळते गं, फक्त दहाच्या आधीची बोट धर, नंतर गर्दी. डाव्या बाजूच्या खिडकीत बसव तिला, सेंट पॉल्स आणि टॉवर दोन्ही त्याच काठाला आहेत. उतरल्यावर कटी सार्क जहाज धक्क्याला लागूनच आहे. वेधशाळेला मात्र चांगला चढ आहे, वर जायचं असेल तर आधी खाली विसावा, आणि बाबांच्या कागदावर तो आत्ताच लिहून ठेव.